कॉमेट की टियागो ईव्ही? दोन्ही चालवून पाहिल्यावर

पुण्यात छोटी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची म्हणून एमजी कॉमेट आणि टाटा टियागो ईव्ही दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह घेतली. कॉमेट तीन मीटरपेक्षाही जरा कमी लांबीची, सदाशिव पेठेत दोन गाड्यांच्या मधे जी जागा आपण बघून सोडून देतो ना तिथे ही आरामात बसते, वळते पण मस्त. पण दारं दोनच, मागे बसायचं तर पुढची सीट सरकवून आत शिरायचं, आईचे गुडघे दुखतात तिला हे रोज कसं जमणार? आणि मागची सीट वर असली की डिकी जवळपास नाहीच, भाजीच्या दोन पिशव्या ठेवल्या की संपलं.

टियागोला चार दारं, 240 लिटरची डिकी आणि मुख्य म्हणजे डीसी फास्ट चार्जिंग, म्हणजे वाटेतल्या चार्जिंग स्टेशनवर पटकन चार्ज होते, त्यामुळे साताऱ्याला जायचं तरी टेन्शन नाही. मात्र 24 किलोवॅट-अवरच्या मोठ्या बॅटरीवालीच घ्या. एका चार्जमध्ये गाडी किती जाते याच्या, म्हणजे रेंजच्या, कंपनीच्या आकड्यावर जाऊ नका, एसी लावून, घाट चढून दोनशे किलोमीटरच्या आतच धरून चाला. कॉमेटची बॅटरी 17.3 ची, ती शहरापुरतीच.

घरात दुसरी गाडी असेल तर कॉमेट खरंच गोड आहे, एकच घ्यायची तर माझं मत टियागोला. आणि बुकिंगआधी सोसायटीकडून पार्किंगमधल्या चार्जरची परवानगी लेखी घ्या, आमच्याकडे तिथेच गाडं अडलंय.