आयएचसीसाठी स्टीलचा कुकर: शिट्ट्या नाही, मिनिटं मोजा

नागपुरातल्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबला आयएचसी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे ऊतीच्या पातळ कापात, सेक्शनमध्ये, ठरावीक प्रथिनं अँटिबॉडीने शोधून रंगवणं) सुरू करायची असेल, तर अँटिजेन रिट्रिव्हलसाठी, म्हणजे ती झाकलेली प्रथिनं उष्णतेने पुन्हा उघडी करण्यासाठी, आधी महागडं यंत्रच घ्यायला हवं असं नाही. इतवारीत भांड्यांच्या दुकानात मिळणारा पाच लिटरचा, बाहेरून झाकण बसणारा स्टीलचा कुकर हे काम फार चांगलं करतो. तोंड रुंद असल्यामुळे कॉप्लिन जार (स्लाइड उभ्या ठेवायच्या खाचांच्या बरण्या) सरळ आत उतरतात. अ‍ॅल्युमिनियमचा मात्र घेऊ नये. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण, ज्यात स्लाइड उकळतात) सांडत राहिला की तो काळवंडतो आणि आतून खात जातो.

ऊती टिकवायला (फिक्स करायला) वापरलेलं फॉर्मलिन प्रथिनांमध्ये जे पूल बांधतं, त्यांमुळे अँटिबॉडीला तिची चिकटायची जागा सापडत नाही. उष्णता ती जागा पुन्हा उघडते. १९९१ मध्ये ही पद्धत मांडली गेली ती मायक्रोवेव्ह वापरून. पण मायक्रोवेव्हमध्ये एक कोपरा उकळतो, दुसरा कोमट राहतो, आणि दर पाच मिनिटांनी बफर पुन्हा भरावा लागतो. कुकरमध्ये पूर्ण दाबाला सुमारे १२० अंश मिळतात, तेही सगळीकडे सारखे.

बफर दोनच पुरेत. सायट्रेटसाठी एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट २.९४ ग्रॅम, पीएच ६.०. ट्रिस-ईडीटीएसाठी ट्रिस १.२१ ग्रॅम आणि ईडीटीए ०.३७ ग्रॅम, पीएच ९.०. दोन्हींत ट्वीन-२० अर्धा मिली. जारमध्ये भरून दोन्ही पीएच एकाच फेरीत होतात, हा या कुकरचा मोठा फायदा. बोअरचं पाणी बफरला कधीच नको; कुकरच्या तळाशी चालेल, पण पांढरा थर बसतो.

ट्रिसबद्दल नागपूरकरांनी जास्त जपायला हवं. तापमान एका अंशाने वाढलं की त्याचा पीएच साधारण ०.०३ ने उतरतो. मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ९.० वर आणलेला बफर २५ अंशांना जवळजवळ ९.४ निघतो. मीटरचा टेंपरेचर प्रोब हे दुरुस्त करत नाही, तो फक्त इलेक्ट्रोडपुरता. म्हणून पीएच नेहमी २५ अंशांना लावावा. सायट्रेटला ही कटकट नाही.

जारमधला बफर आधी वेगळ्या गंजात गरम करून घ्यावा. थंड जार ठेवला तर कुकरची शिट्टी होते तेव्हा जारच्या आत तापमान मागेच असतं. तळाशी दोन-तीन बोटं पाणी, त्यात जाळी, जारची झाकणं सैल. पहिली शिट्टी म्हणजे पूर्ण दाब. तिथून आच मंद करून घड्याळ लावायचं. पाच मिनिटांपासून सुरुवात करावी आणि आपल्या कंट्रोलवर (रंग येणारच हे माहीत असलेल्या ऊतीच्या स्लाइडवर) वेळ पक्का करावा. दोन शिट्ट्या, तीन शिट्ट्या हा हिशेब डाळ-भाताला ठीक. शिट्टी आचेवर अवलंबून असते.

सगळ्यात जास्त स्लाइड बिघडतात त्या थंड करताना. कुकर नळाखाली धरला की दाब एकदम पडतो, जारमधला १२० अंशांचा बफर खदखदून उसळतो आणि बुडबुडे सेक्शनखाली शिरून ते उचलतात. ब्रेस्टच्या चरबीचा भाग आधी निघतो, मग डिकॅल्सिफाय केलेलं (कॅल्शियम काढून मऊ केलेलं) हाड. काचेचा जार तडकतो तो वेगळाच. वाफ आपोआप जिरू द्यावी, मग झाकण काढून जार तसाच २० मिनिटं ठेवावा. स्लाइड गरम असताना बाहेर काढली तर विदर्भाच्या कोरड्या हवेत कडा क्षणात सुकतात, आणि त्या कडांवर नंतर तपकिरी बॅकग्राउंड (नको असलेला रंग) येतो.

तरीही सेक्शन सुटत असतील तर दोष कुकरला देऊ नये. सेक्शन ३ ते ४ मायक्रॉनचे, स्लाइड चार्ज्ड (ऊती धरून ठेवणारा विद्युतभारित लेप असलेली), आणि ६० अंशांना तासभर सुकवलेली हवी. ब्लॉकच (मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा) नीट फिक्स झालेला नसेल तर कुठलीच उष्णता तो वाचवत नाही. ईआर, पीआर, हर-२ (स्तनाच्या कर्करोगात तपासली जाणारी प्रथिनं) साठी न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास ही मर्यादा पाळावीच.

उणिवा दोन. तापमानाची नोंद मिळत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत पॉझिटिव्ह कंट्रोल हवाच. की-६७ ला (विभागणाऱ्या पेशी दाखवणारं प्रथिन) टॉन्सिल चांगला. दुसरी, गॅसची शेगडी झायलीनच्या (पटकन पेट घेणारं द्रावक) खोलीत चालणार नाही. इंडक्शन घेतलं तरी स्टेनिंगच्या टेबलापासून लांब ठेवावं आणि कुकरचा तळ इंडक्शनचा आहे का ते दुकानातच चुंबक लावून बघावं. रबरी रिंग कडक झाली की दाब धरत नाही. पहिली शिट्टी नेहमीपेक्षा उशिरा होऊ लागली आणि कंट्रोल फिका दिसला, की अँटिबॉडीची बाटली बदलण्याआधी रिंग बदलावी.