सदाशिव पेठेतल्या एका वर्गाची ‘अफगाण माघार’ पुस्तिका

एसएसबीच्या, म्हणजे लष्करी अधिकारी निवडीच्या, ग्रुप डिस्कशनसाठी पेठेत मिळणाऱ्या झेरॉक्स नोट्स म्हणजे बहुतेकदा कात्रणांचा ढीग. अमेरिकी सैन्याच्या अफगाणिस्तानातल्या माघारीवरची ही पुस्तिका त्यातली नाही.

अमेरिका आणि तालिबानमधला २०२० चा दोहा करार, १३५ दिवसांत अमेरिकी सैन्याची ८,६०० पर्यंत कपात, जानेवारी २०२१ मध्ये उरलेले २,५०० सैनिक, हे आकडे कुठेही मिळतात. खरा ऐवज पुढे आहे. सैन्याबरोबर कंत्राटी मेकॅनिकही परतले आणि अफगाण हवाई दलाची विमानं दुरुस्तीअभावी जमिनीवर बसली. अफगाण सैन्याच्या दूरच्या चौक्यांचा दारूगोळा, जखमींना हलवणं, सगळं हवाईमार्गावर. तो आटला की चौकी पडलीच म्हणायची. कागदावरच्या तीन लाख अफगाण सैनिक-पोलिसांत तर पगारापुरती नावंही होती! काबूलजवळचा बगराम हवाई तळ जुलैतच सोडल्यामुळे ऑगस्टमध्ये लोकांना बाहेर काढायला काबूलची एकच धावपट्टी उरली. हे पान दोनदा वाचावं.

अमेरिकेची इराकमधली २०११ ची माघार मात्र दीड परिच्छेदात गुंडाळली आहे. तिथल्या अमेरिकी सैनिकांच्या कायदेशीर संरक्षणावरून बोलणी फिसकटली, त्याचा उल्लेखच नाही. नकाशे इतके काळपट की काबूलच्या उत्तरेचा सालंग खिंडीचा रस्ता शोधावा लागतो. स्टेपलची प्रत घेऊ नका, मधली पानं निखळतात, स्पायरलच मागा.