कोयरी, कमळ, पणती आणि जाळी: पातळ डाय काही महिने वापरल्यानंतर

डाय म्हणजे कार्डांसाठी कागद ठरावीक आकारात कापणारा धारदार साचा. सेट चार, सगळे पातळ स्टीलच्या डायचे: एकात एक बसणाऱ्या कोयऱ्या, थराथरांचं कमळ, पणती आणि कार्डाच्या मापाची जाळीदार चौकट. डाय आणि कागद रोलरखालून दाबून काढणारं मशीन हाताने फिरवायचं, सहा इंच तोंडाचं. पावसाळा आणि दिवाळीची कार्डं दोन्ही झाल्यावरचं मत: कोयऱ्यांनी पैसे वसूल केले, कमळ-पणती ठीक, जाळी घेण्याआधी दोनदा विचार करावा.

कोयऱ्यांच्या लागोपाठच्या मापांत ६ मिमी फरक आहे. एकीवर दुसरी चिकटवली की भोवती साधारण ३ मिमी किनार उरते. ए४ कार्डशीट मधोमध कापून दुमडली की ए६ची दोन कार्डं होतात, त्यांवर मधली मापं छान बसतात. अडचण येते ती समोरासमोर जोडी हवी असेल तेव्हा. डाय एकाच दिशेची, त्यामुळे दुसरी कोयरी उलट्या बाजूने कापावी लागते. दोन्हीकडून रंगीत कागद असेल तर प्रश्न नाही. एकाच बाजूने छापलेला किंवा चमकीचा असेल तर एरवी रंगीत बाजू पात्याकडे ठेवतो, ती या वेळी पात्याच्या विरुद्ध ठेवायची. कडेला बारीकसा उंचवटा येतो, तो हाडपट्टीने (कागदाची घडी दाबायच्या गुळगुळीत पट्टीने) किंवा चमच्याच्या पाठीने दाबून बसवावा.

मांडणी साधी: खाली प्लॅटफॉर्म (मशीनची जाड तळपाटी), त्यावर कटिंग प्लेट (प्लॅस्टिकची पाटी), पातं वर करून डाय, मग कागद, वरून दुसरी प्लेट. मात्र लांब सरळ कड रोलरला समांतर ठेवू नका. डाय थोडी तिरकी ठेवली की सगळी कड एकदम रोलरखाली येत नाही आणि हँडल हलकं फिरतं. करकर आवाज येतोच, पण हँडल अडलं तर जोर न लावता मागे फिरवावं. प्लेटी दर वेळी उलटसुलट कराव्यात, नाहीतर वाकतात. एकाच जागी खोल चरे पडले की तिथला दाब कमी होतो. आकाराचा एखादाच कोपरा कापला जात नसेल तर दोष बहुधा डायचा नसतो, प्लेटचाच असतो. त्या कोपऱ्यापुरताच साध्या झेरॉक्स कागदाचा एक तुकडा प्लेटखाली घाला. तेवढ्याने भागलं नाही तर आणखी एक.

कागद २०० ते २५० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) सर्वांत बरा. ३०० चालतो, पण फक्त कोयऱ्यांना. हातकागद दिसतो सुंदर, मात्र त्यात कापसाचे लांब धागे असतात. ते तुटत नाहीत, ओढले जातात, आणि कमळाच्या पाकळीला मिशा फुटतात. कोयरीसारख्या मोकळ्या आकारालाच तो वापरावा. पावसाळ्यात कोणताही कागद ओल धरतो, मऊ पडतो आणि कापण्याऐवजी दबतो. कार्डशीट सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवली की फरक लगेच दिसतो. डायही तशाच ठेवाव्यात. कोकण-मुंबईच्या हवेत उघड्यावर राहिल्या तर पात्यावर गंजाचे ठिपके येतात.

जाळीचं दुखणं वेगळंच. कापते व्यवस्थित, पण कागद डायमध्ये रुतून बसतो आणि काढताना बारीक दांड्या तुटतात. डाय आणि कागद यांच्यामध्ये बेकिंगचा बटर पेपर घातला तर तो सुटतो. (चित्रकलेच्या दुकानातला ट्रेसिंगचा बटर पेपर उपयोगाचा नाही.) उरलेले तुकडे मागच्या भोकांतून टाचणीने टोचण्यापेक्षा डाय फोमच्या तुकड्यावर ठेवून वरून डायचा ब्रश फिरवणं कितीतरी सोपं. फेव्हिकॉल इथे नकोच: दांडीबाहेर येतो आणि वाळल्यावर चमकतो. कापण्याआधीच कागदाच्या मागे दुहेरी चिकट शीट लावावी. तिचा गोंद पात्याला लागतो, म्हणून काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसणं आलंच. एवढा खटाटोप एका लग्नपत्रिकेसाठी परवडतो, पन्नास पत्रिकांसाठी नाही.

पणतीची ज्योत वेगळी कापली जाते, हे चांगलं. २५० जीएसएमच्या तीन ज्योती एकावर एक चिकटवल्या की जवळपास १ मिमी जाडी येते आणि फोम टेप लागत नाही. फोम टेपने उचललेलं कार्ड पाकिटात फुगतं आणि टपालात चेपतं.

घेण्याआधी सर्वांत मोठ्या डायची रुंदी आपल्या मशीनच्या तोंडाशी पडताळून पाहा. जाळीची चौकट लहान मशीनमध्ये जाणारच नाही.