एमएस आणि एकत्र बसणारी टीम: आठ महिन्यांचा अनुभव

मला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार, असल्याचं कळून सहा वर्षं झाली. नौपाड्यात राहते, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ऑक्टोबरपासून ठाण्यातल्याच एका पुनर्वसन केंद्रात जाते आहे. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबले होते.

त्याआधीही उपचारांत कमी नव्हती. न्यूरोलॉजिस्ट दादरला, फिजिओ घरी यायचे, लघवीच्या त्रासासाठी तिसरे डॉक्टर. प्रत्येक जण आपापल्या जागी बरोबर होता. एकाचं दुसऱ्याला सांगायचं काम मात्र माझ्यावर, आणि नेमकं महत्त्वाचं काय सांगायचं राहिलं ते घरी आल्यावर आठवायचं.

मार्चमध्ये काय झालं ते सविस्तर सांगते. आठवड्याभरात उजवा पाय लाकडासारखा ताठ झाला. रात्री पोटरी ओढून यायची, जिन्यात प्रत्येक वळणावर बसावं लागायचं. मी धरूनच चालले की एमएसचा नवा अटॅक आला, आता पुन्हा पाच दिवस सलाईनमधून स्टेरॉइड. केंद्रातल्या शनिवारच्या बैठकीत, जिथे उपचार करणारे सगळे एकत्र बसतात, फिजिओंनी पायाचं सांगितलं. तिथल्या सिस्टरनी मध्येच विचारलं, "ताई, दिवसाला पाणी किती पिता?" खरं सांगितलं: बाहेर जायचं असलं की सकाळपासून एकच ग्लास. घोडबंदर रोडला रिक्षा अडकली आणि लघवी लागली तर मला धरून ठेवता येत नाही.

सोनोग्राफी केली तर लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच शिल्लक. लघवीच्या कल्चर तपासणीत जंतुसंसर्ग निघाला. अँटिबायोटिक सुरू झालं आणि आठवड्यात पाय होता तसा झाला. नवा अटॅक नव्हताच. एमएसमध्ये मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण खराब झालेलं असतं. संसर्ग झाला, ताप आला, अंग तापलं की त्या तंतूंमधून संदेश आणखी अडखळत जातात आणि जुनी लक्षणं उफाळून येतात. संसर्ग तसाच ठेवून स्टेरॉइड दिलं असतं तर तो बळावला असता. शिवाय वारंवार लघवी लागू नये म्हणून मी घेत होते ती गोळी मूत्राशय सैल करणारी, आणि माझं तर आधीच रिकामं होत नव्हतं. ती बंद केली, स्वतः कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, घालायला शिकवलं. पहिल्या दिवशी मी रडले. आता पाच मिनिटांचं काम आहे, आणि पाणी पोटभर पिते.

बॅक्लोफेन या ताठरपणा कमी करणाऱ्या औषधाचंही असंच. डोस वाढवल्यावर पाय मोकळा झाला, पण गुडघा मध्येच दुमडायला लागला. ताठरपणाच मला उभं धरत होता. फिजिओंनी माझ्यासमोर डॉक्टरांना फोन लावला, त्याच संध्याकाळी डोस खाली आला. पूर्वी हे कळायलाच पुढची अपॉइंटमेंट उजाडली असती.

उष्णतेचा त्रास एमएसवाल्यांना सांगायला नको. श्रम झाल्यावर रुग्णांची नजर अंधूक होते हे उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९० साली नोंदवलं, आणि पुढे कितीतरी वर्षं रुग्णांना व्यायामच नको म्हणून सांगितलं गेलं. मलाही एका ठिकाणी "आराम करा" एवढंच सांगितलं होतं. इथे एसीत, मानेवर ओला टॉवेल ठेवून, थोडी सायकल मग थोडी विश्रांती असा व्यायाम घेतात. अंग थंड झालं की नजर परत येते, हे स्वतः अनुभवल्यावर भीती गेली.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या, घरी येऊन गेल्या. त्यांनी माझा ओटा बघितला. आता कणीक सकाळी उठल्या उठल्या, अंगात ताकद असताना मळते. पोळ्या उंच स्टुलावर बसून, टेबलावर पोळपाट ठेवून लाटते आणि भाजायचं काम सासूबाई करतात. पाऊल लोंबकळतं म्हणून स्प्लिंट दिला होता, पण तो बुटातच बसतो आणि आपल्याकडे चपला-बूट दाराबाहेर. म्हणजे मी बाहेर नीट आणि घरात अडखळत. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "घरातले बूट वेगळे आण, देवघरात मी जाते." त्यानंतर घरात पडलेली नाही. याआधी चप्पल पायातून निसटली तरी मला कळायचं नाही.

सोशल वर्करनी दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद लावून दिले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे. हे माहीत असल्यामुळेच "दिसत तर काही नाही" असं ऐकवल्यावर मी खिडकीवरून परत फिरले नाही.

आता तक्रारी. मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून दोनदाच येतात. माझ्यासाठी ते फार कमी आहे. इतक्या चांगल्या केंद्राच्या स्वच्छतागृहाला उंबरा आहे, याचं मला खरोखर वाईट वाटतं. तीनदा सांगून झालं. आणि खर्च. माझ्या मेडिक्लेममध्ये ॲडमिट न होता घेतलेली थेरपी बसत नाही, सगळं खिशातून जातं. त्यामुळे मे महिन्यात आठवड्याचे दोन दिवस मी एकावर आणले.

एमआरआयमध्ये काही बदल नाही, तो होईल असं कोणी म्हणालंही नव्हतं. पंचवीस फूट चालायला ऑक्टोबरमध्ये १४ सेकंद लागायचे, आता १०. जिन्यात एकदाच बसते, दुसऱ्या मजल्यावर.

कोणी असं केंद्र शोधत असेल तर तिथली यंत्रं बघण्याआधी फोनवर एक विचारा: तुमची सगळी माणसं पेशंटसाठी एकत्र बसतात का, आणि कधी? मला उत्तर मिळालं होतं, पहिला आणि तिसरा शनिवार, दुपारी तीन वाजता.