रेसेप्तो, गावचा दवाखाना की हॉस्पिटलची ओपीडी? जपानमध्ये प्रायमरी केअरचं संशोधन करायचं तर

नागोयात राहणाऱ्या सत्तरीच्या एखाद्या बाई डोळ्यांसमोर आणा. गुडघ्यासाठी त्या हाडांच्या डॉक्टरकडे जातात, मोतीबिंदूसाठी डोळ्यांच्या, आणि बीपीच्या गोळ्या तिसऱ्याच दवाखान्यातून आणतात. कुठेही कोणाची चिठ्ठी लागत नाही. १९६१ पासून सगळ्या देशाला विमा आहे आणि त्या विम्यावर कोणत्याही दवाखान्याचं दार उघडतं. आता सांगा, या बाई कोणाच्या पेशंट? तिन्ही डॉक्टर म्हणतील 'आमच्या', आणि हिशोबाला बसलं की कोणाच्याच नाहीत.

जपानमध्ये जनरल मेडिसिन किंवा प्रायमरी केअर (आजारी माणूस सगळ्यात आधी जिथे जातो, ते उपचार) या विषयात पीएच.डी. करावी असं मनात असलेल्या आपल्याकडच्या डॉक्टरांनी (पीएसएमवाले म्हणजे सामाजिक आरोग्याचे, फॅमिली मेडिसिनवाले, कधी एमडी मेडिसिनही) युनिव्हर्सिटीची यादी काढण्याआधी या बाईंचा विचार करावा. पीएसएमच्या तोंडी परीक्षेत हमखास येणारा प्रश्न आठवतो ना, 'डिनॉमिनेटर काय?' ब्रिटनमध्ये प्रत्येक जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, नावं नोंदवलेल्या माणसांची यादी असते, म्हणजे छेद आयताच हातात. जपानी दवाखान्याकडे अशी यादी नाही. किती जण आले ते डॉक्टरला ठाऊक असतं. कितींपैकी आले, ते नाही. तिथल्या प्रायमरी केअर संशोधनाच्या तीन मुख्य वाटा म्हणजे हा हरवलेला छेद मिळवायच्या, किंवा त्याच्याविना चालवून घ्यायच्या, तीन तऱ्हा आहेत. निदान मी तरी त्यांच्याकडे तसंच पाहतो.

पहिली वाट रेसेप्तोची. दवाखाना किंवा हॉस्पिटल विम्याकडे दर महिन्याला जे बिल पाठवतं, ते रेसेप्तो. आरोग्य मंत्रालयाच्या 'एनडीबी' या राष्ट्रीय डेटाबेसमध्ये २००९ पासूनची ही बिलं जमा आहेत आणि त्यांच्या जोडीला ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या वार्षिक तपासणीचे आकडेही आहेत. कमरेचा घेर पुरुषांत ८५ आणि बायकांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त भरला आणि जोडीला बीपी, साखर, चरबी यांतही गडबड निघाली की 'मेटाबो'चा शिक्का बसतो, तीच ही तपासणी. छेदाच्या दृष्टीने याहून श्रीमंत डेटा जगात फार ठिकाणी नाही, कारण जवळजवळ अख्खा देश त्यात आहे. शिवाय हे लोक डॉक्टरकडे जातातही भरपूर, माणशी वर्षाला अकरा-बारा वेळा, म्हणजे श्रीमंत देशांच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट.

आता याची दुसरी बाजू, कारण याच वाटेवर सगळ्यात जास्त लोक फसतात.

बिल हे बिल असतं. त्यावर रोगाचं नाव लिहिलं जातं ते पैसे मंजूर व्हावेत म्हणून. तिथल्या डॉक्टरांच्या तोंडी यासाठी शब्दच आहे, 'रेसेप्तो-ब्योमेई', म्हणजे बिलापुरता आजार. साध्या सर्दीवर अँटिबायोटिक दिलं तर तपासनीस विचारणार, मग बिलावर ब्राँकायटिस चढतो. एचबीए१सी (डायबेटिसची रक्ततपासणी) केल्याचं बिलावर दिसतं, आकडा दिसत नाही. तो पाहायचा तर वार्षिक तपासणीतून आणावा लागतो, आणि ती सगळे करून घेत नाहीत. फ्लूची लस आणि नॉर्मल बाळंतपण विम्यात बसत नाही, त्यामुळे डेटातही नाही. प्रायमरी केअरच्या माणसाला हे दोन्ही नसणं चांगलंच टोचतं.

त्याहून खोल अडचण अशी की बिलावर दवाखाना कळतो, डॉक्टर कळत नाही. जपानमध्ये एकोणीस खाटांपर्यंत दवाखाना आणि वीसपासून पुढे हॉस्पिटल. असे दवाखाने देशभरात साधारण एक लाख. ते चालवणारे बहुतेक जण आयुष्याची पहिली वीस वर्षं हॉस्पिटलात पोटाचे किंवा हृदयाचे डॉक्टर म्हणून काढलेले असतात आणि मग स्वतःची पाटी लावतात. पाटीवर कोणता विभाग लिहायचा, हे बरंचसं त्यांच्याच हातात. म्हणजे तुमच्या विषयातला मुख्य माणूस, जनरलिस्ट (सगळ्या तऱ्हेचे आजार पाहणारा डॉक्टर), डेटात वेगळा काढताच येत नाही. मग लोक आडवाटेने जातात. २०१४ मध्ये एकाच पेशंटचे अनेक जुनाट आजार एकत्र सांभाळणाऱ्या दवाखान्यांसाठी वेगळी फी आली. ती लावणारा तो 'काकारित्सुके-इ', म्हणजे नेहमीचा डॉक्टर, असं धरायचं. धरायला हरकत नाही, पण फी न लावणारे चांगले डॉक्टरही ढिगाने आहेत.

फीवरून आठवलं. जपानमध्ये डॉक्टरांच्या फीचं सरकारी दरपत्रक दर दोन वर्षांनी बदलतं आणि त्याबरोबर डेटाही वाकतो. जून २०२४ मध्ये बीपी, डायबेटिस आणि कोलेस्टेरॉल हे तिन्ही आजार एका जुन्या फीतून काढून दुसऱ्या फीखाली टाकले. ज्याला हे माहीत नाही, त्याचा आलेख त्या महिन्यात कड्यावरून पडल्यासारखा कोसळणार, आणि तो बिचारा म्हणणार, जपानमध्ये जुनाट आजारांची काळजी घेणंच बंद झालं.

पण हाच बदल हुशार माणसाच्या हातात सोनं होतो. २०१८ मध्ये सरकारने ठरवलं की लहान मुलाला सर्दी किंवा जुलाब झाला आणि डॉक्टरने अँटिबायोटिक न देता पालकांना नीट समजावून सांगितलं, तर त्याला ८० पॉइंट मिळतील. एक पॉइंट दहा येन, म्हणजे ८०० येन. औषध न देण्याचे पैसे! सुरुवातीला हे तीन वर्षांखालच्या मुलांपुरतं होतं. या फीने अँटिबायोटिक कमी झाली का, हे विचारायला रेसेप्तोपेक्षा चांगली जागा नाही, कारण तारीख ठरलेली आणि वयाची रेषाही ठरलेली. प्रश्न पैशाचा, औषधाचा किंवा धोरणाचा असेल तर ही वाट धरा. फक्त बिलापुरत्या आजारावर भिस्त ठेवू नका.

आणखी एक बारीक गोष्ट, ती लक्षात येईपर्यंत वर्ष गेलेलं असतं. जुन्या वर्षांच्या डेटात माणूस ओळखायचे दोन सांकेतिक क्रमांक असत. एक विमा क्रमांकावरून बनवलेला, दुसरा नावावरून. नोकरी बदलली की पहिला तुटतो, लग्न करून आडनाव बदललं की दुसरा. म्हणजे साखळी सगळ्यात जास्त कोणाची तुटणार? नोकरी सोडून लग्न करणाऱ्या तरुण बायकांची.

याच घरातले बाकीचे डेटाबेस थोडक्यात. 'डीपीसी' २००३ मध्ये ८२ मोठ्या हॉस्पिटलांपासून सुरू झाला. त्यात गंभीर दाखल पेशंटांची माहिती भरपूर, पण तुमच्या बाई तिथे क्वचितच. 'जेएमडीसी'त कंपन्यांचे नोकरदार आणि त्यांची कुटुंबं आहेत, डेटा स्वच्छ आहे, पण पंचाहत्तरीच्या पुढचं कोणी नाही. ज्या देशात दर दहात जवळजवळ तिघे पासष्टीपुढचे, तिथे ही मोठीच फट. नगरपालिकांच्या हातातला 'केडीबी' मात्र मला आवडतो. त्यात उपचार, तपासणी आणि २००० मध्ये आलेल्या सेवाशुश्रूषा विम्याची नोंद एकाच माणसापाशी जोडलेली सापडते. एखाद्या शहराच्या आरोग्य खात्याशी तुमच्या गाइडचं चांगलं जमत असेल, तर आडवं येणारं काही फारसं नाही.

दुसरी वाट गावची, आणि माझा कल कुठे आहे ते लपवत नाही.

१९७२ मध्ये जिची मेडिकल युनिव्हर्सिटी निघाली ती 'मुइसोन'साठी, म्हणजे डॉक्टर नसलेल्या गावांसाठी. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुलं निवडायची, फीचा भार उचलायचा, आणि बदल्यात साधारण नऊ वर्षं आपल्या प्रांतात, त्यातला बराच काळ खेड्यात, नोकरी करून घ्यायची. आपल्याकडच्या बाँडची आठवण होईल, फक्त तिथे दंड भरून सुटणारे थोडे. या डॉक्टरांनी १९९२ मध्ये जे केलं, त्यासाठी मी ही वाट वर धरतो. बारा ग्रामीण भागांत वृद्धांच्या आरोग्य कायद्याखाली गावकऱ्यांची तपासणी तशीही होत होती. त्या तपासणीला त्यांनी कोहॉर्टचं, म्हणजे तीच माणसं वर्षानुवर्षं पाहत राहण्याचं, रूप दिलं. १९९५ पर्यंत १२,४९० माणसं नोंदवली गेली आणि मग त्यांच्यात कोणाला हार्ट अटॅक आला, कोणाला पक्षाघात झाला, याचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. बदल्या होत राहिल्या, एक डॉक्टर गेला की दुसरा आला, गाव तेच राहिलं. इथे छेद बिलावरून काढलेला नाही, माणसं मोजून मिळालेला आहे. गडचिरोलीत बंग दांपत्याने ३९ गावांत नवजात बाळांची काळजी घेतली आणि शेजारची ४७ गावं तुलनेला धरली, तेव्हा त्यांचं बळ याच मोजदादीत होतं. तुम्ही गावपातळीवर जन्म-मृत्यूच्या नोंदी घेतल्या असतील, तर हे काम तुम्हाला परकं वाटणार नाही.

याच धाटणीचं दुसरं काम रोजनिशीचं. ऑक्टोबर २००३ मध्ये जपानभरातल्या कुटुंबांना महिनाभर लिहायला सांगितलं, आज काय दुखलं आणि त्यावर काय केलंत. हजार माणसांमागे ८६२ जणांना महिन्यात काही ना काही झालं आणि ३०७ जण डॉक्टरकडे गेले. मेडिकल कॉलेजांच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. उरलेले पाचशेहून अधिक जण घरीच बरे झाले, मेडिकल दुकानात गेले किंवा सहन करत बसले. रेसेप्तोत ही माणसं नाहीतच! ज्या दुखण्याचं बिल झालं नाही, ते एनडीबीच्या लेखी झालंच नाही.

प्रश्नावल्याही याच वाटेवर येतात. बार्बरा स्टारफिल्ड यांच्या प्रायमरी केअर मोजणाऱ्या प्रश्नावलीची जपानी आवृत्ती, 'जेपीसीएटी', २०१६ मध्ये आली. काही झालं की आधी हाच डॉक्टर भेटतो का, ओळख टिकते का, दुसरीकडे पाठवल्यावर दुवा राहतो का, असे २९ प्रश्न. पुढे १३ प्रश्नांची छोटी आवृत्तीही निघाली. मात्र दवाखान्यात आलेल्यांना प्रश्नावली वाटली की छेद पुन्हा हरवतो, कारण नाराज पेशंट तोपर्यंत शेजारच्या दवाखान्यात गेलेला असतो. दार सगळीकडे उघडं असलेल्या देशात समाधानाचे आकडे थोडे फुगलेलेच येणार.

या वाटेची किंमत भाषेत मोजायची. म्हाताऱ्या माणसाशी त्याच्या बोलीत बोलायचं तर जपानी भाषेची एन२ ही वरच्या पातळीची परीक्षा पास झाल्याने भागत नाही. आओमोरीची बोली टोकियोच्या माणसालाही कळत नाही. वेळही जातो. चार वर्षांच्या पीएच.डी.त नवा कोहॉर्ट उभा राहत नाही, चालू असलेल्यात शिरावं लागतं.

तिसरी वाट हॉस्पिटलच्या जनरल मेडिसिन विभागाची, 'सोगो शिन्र्यो'ची. १९८६ मध्ये सागा इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात असा विभाग निघाला आणि मग असे विभाग देशभर पसरले. पेशंट पाहण्यात हे लोक उत्तम असतात. कोणालाच न उमगलेला ताप, कुठेच न बसणारं वजन घटणं त्यांच्याकडे येतं, आणि त्यांचं लिखाणही त्याच अंगाने जातं: केस रिपोर्ट, निदानातल्या चुका, डॉक्टरांचं शिक्षण. वाचायला मजा येते, पण छेद शोधू नका. २०१६ पासून मोठ्या हॉस्पिटलांत चिठ्ठीविना गेलं तर जादा पैसे पडतात, २०२२ पासून पहिल्या भेटीला किमान ७,००० येन. तिथल्या ओपीडीत कोण बसलंय, हे आजाराइतकंच या रकमेनेही ठरतं. शिवाय जपानी लायसन्स किंवा खास परवानगी नसेल तर तुम्ही पेशंटला हात लावू शकत नाही, राउंडला मागे उभे राहणार. आपल्याकडच्या क्लिनिकल माणसाला मला वाटतं हे चार वर्षं झेपणार नाही. शिक्षणावरच संशोधन करायचं असेल तर गोष्ट वेगळी.

तिन्ही वाटांवर एक गोष्ट सारखी, हा विषय जपानमध्ये अजून लहान आहे. तीन जुन्या संघटना एकत्र येऊन प्रायमरी केअर असोसिएशन झाली ती २०१० मध्ये. जनरल प्रॅक्टिसला एकोणिसावी मूळ स्पेशालिटी म्हणून मान मिळून प्रशिक्षण सुरू झालं २०१८ मध्ये, आणि पहिल्या तुकडीत २०० जणही नव्हते. एप्रिल २०२५ पासून दवाखान्यांना 'नेहमीचा डॉक्टर' म्हणून आपण काय काय करतो, हे सरकारला कळवावं लागतं. पेशंटची नोंदणी यातून होत नाही, पण दवाखाने काय सांगतात आणि रेसेप्तोत काय दिसतं, हे आता शेजारी ठेवून पाहता येईल. आज पीएच.डी.ला बसणाऱ्याने या फटीकडे लक्ष ठेवावं.

तर कोणी काय घ्यावं? ज्याला आकडेमोड येते, जपानी येत नाही आणि चार वर्षांत पेपर हवेत, त्याने रेसेप्तो घ्यावा, आणि गाइड असा शोधावा जो स्वतः दवाखान्यात बसतो. बिलावरचा ब्राँकायटिस खरा की सोयीचा, हे त्यालाच कळतं. एनडीबीची परवानगी मिळायला लागणारे महिने आधीच धरून चाला. ज्याने आपल्याकडे गावात काम केलंय आणि परत येऊन तेच करायचंय, त्याने आधी दीड-दोन वर्षं भाषेला द्यावीत आणि चालू कोहॉर्ट असलेल्या विभागाला लिहावं. 'केंक्यूसेई', म्हणजे पीएच.डी.ला प्रवेश घेण्याआधीचा संशोधक विद्यार्थी, म्हणून आधी जाण्याची सोय बऱ्याच ठिकाणी असते, ती यासाठी बरी.

प्रोफेसरला पहिला ईमेल लिहाल तेव्हा आपला सीव्ही जोडा आणि खाली एकच प्रश्न विचारा: तुमच्या विभागाच्या मागच्या तीन पेपरांत छेद कुठून आला? उत्तर दोन ओळींचं आलं तरी चालेल. उत्तरात फक्त हॉस्पिटलचं नाव आणि खाटांची संख्या आली, तर पुढच्या युनिव्हर्सिटीला लिहा.