हरकत, नगरसेवक, आरटीआय की कोर्ट? शहराच्या कामात लक्ष घालायचंय तर सुरुवात कुठून करायची

फूटपाथ नाही, जुन्या शहराच्या दरवाजाचे दगड निखळायला लागलेत, पोराला सायकलवर शाळेत पाठवायचं तर जीव मुठीत धरून बसावं लागतं, हे सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहून झालं असेल आणि आता खरंच काहीतरी करायचंय असं डोक्यात आलं असेल तर हे वाचा. मी संभाजीनगरचा, त्यामुळं उदाहरणं इथलीच येतील, पण नांदेड, लातूर, परभणी, जालना कुठंही मनपा आहे तिथं कायदा तोच आहे.

लोक मार्ग निवडतात तो आपापल्या स्वभावानं. भांडखोर माणूस थेट कोर्टाचं बोलतो, ओळखीपाळखीवाला नगरसेवकाकडं जातो, रिटायर झालेले काका आरटीआय टाकतात, आणि तरुण पोरं बॅनर घेऊन फोटो काढतात. माझं म्हणणं एवढंच की आधी कागद सध्या कुठल्या टेबलावर आहे ते बघा, मग मार्ग ठरवा. आराखडा अजून मसुदाच असेल तर एक साधा अर्ज जे काम करतो ते मंजूर झाल्यावर वकील लावूनही होत नाही.

म्हणून आधी हरकत-सूचना. एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा, १९६६ चा. शहराचा विकास आराखडा म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो तो साधारण २० वर्षांसाठी असतो. कलम २६ खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की ३० दिवसांत कोणीही हरकत किंवा सूचना देऊ शकतो. कोणीही म्हणजे कोणीही, प्लॉट असायलाच पाहिजे असं काही नाही. आणि इथंच गंमत आहे, कारण जे अर्ज येतात ते बहुतेक स्वतःच्या प्लॉटचे असतात, माझ्या घरावर आरक्षण (म्हणजे सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा) कामून टाकलं, माझा सर्व्हे नंबर ग्रीनमध्ये, म्हणजे शेती-हरित पट्ट्यात कसा गेला, यलो म्हणजे रहिवासी करा, गुंठेवारीतून (गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या प्लॉटच्या वस्तीतून) रस्ता नेऊ नका. ज्याची आयुष्याची कमाई त्या २० बाय ३० मध्ये आहे तो आणखी काय लिहिणार, त्याचं बरोबरच आहे. पण या रस्त्याला फूटपाथची जागा दाखवा, या नाल्याकाठी पायवाट ठेवा, या जुन्या बारवेभोवती मोकळी जागा ठेवा असं लिहिणारे बोटावर मोजण्याइतके. मग आराखड्यात ते दिसत नाही याचं नवल काय.

हरकत लिहायची तर "शहर पर्यावरणपूरक व्हावं" असलं काही लिहू नका, त्याचं कोणी काही करू शकत नाही. नकाशाचा शीट नंबर, सर्व्हे किंवा गट नंबर, जुन्या भागात असाल तर सिटी सर्व्हे नंबर, आरक्षणाचा साइट नंबर, आणि नेमकं काय बदलायचं ते एका वाक्यात. नकाशा मनपात बघायला ठेवावा लागतो, विकतही मिळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का घ्या, त्याच्याशिवाय तिथून हलू नका, आणि पत्ता-मोबाईल स्वच्छ अक्षरात लिहा कारण सुनावणीची नोटीस त्याच पत्त्यावर येते.

सुनावणी घेते नियोजन समिती, तीन सदस्य मनपाच्या स्थायी समितीचे आणि जास्तीत जास्त चार नगररचना संचालकांनी नेमलेले तज्ज्ञ. प्रत्यक्षात काय असतं सांगतो. एका हॉलबाहेर पन्नासेक माणसं उभी, हातात सातबारा, गुंठेवारीच्या पावत्या, कोणाकडं लॅमिनेट केलेला नकाशा, आत गेलं की दोन-तीन मिनिटं मिळतात, समोर कॉम्प्युटरवर नकाशा उघडलेला असतो आणि पहिला प्रश्न असतो, "तुमचा प्लॉट कोणता?" तुम्ही म्हणता माझा प्लॉट नाही साहेब, मी रस्त्याबद्दल आलोय, तर क्षणभर सगळे बघत राहतात. बघू द्या. तुमचं लेखी म्हणणं रेकॉर्डवर जातं, समितीला अहवाल द्यावा लागतो, आणि पुढं कधी कोर्टात गेलात तर "तेव्हा का नाही आलात" याला उत्तर तयार असतं. तोटा एकच पण मोठा, ही खिडकी कधीतरीच उघडते. मधल्या काळात कलम ३७ आहे, मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असेल तर त्याचीही नोटीस निघते आणि हरकतीला महिनाभर मिळतो. ती जाहिरात पेपरच्या आतल्या पानावर टेंडर आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या मधे एवढ्याशा टायपात असते. मैदानाच्या आरक्षणाचं काय झालं हे लोकांना तिथं इमारतीचे कॉलम उभे राहिल्यावर कळतं, तोवर जाहिरात येऊन गेलेली असते. रोज ते पान चाळणारा एक माणूस कॉलनीत असला ना तर निम्मं काम झालं, आणि असा माणूस प्रत्येक कॉलनीत असतो, फक्त तो सध्या राशीभविष्य वाचतोय.

आता नगरसेवक. आपल्याकडं मनपाची मुदत एप्रिल २०२० ला संपली आणि पुढं कित्येक वर्षं प्रशासकच होता, म्हणजे त्या काळात हा मार्ग असून नसल्यासारखा, सगळं आयुक्तांच्या टेबलावर. आता प्रभाग पद्धतीत एकेका प्रभागाला साधारण चार नगरसेवक, फायदा हा की चौघांपैकी एकतरी ऐकतो, तोटा हा की काम अडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडं बोट दाखवतो. पण छोट्या, डोळ्याला दिसणाऱ्या कामाला याच्याइतका फास्ट मार्ग नाही. गतिरोधक, झेब्रा पट्टे, शाळेसमोरचा फूटपाथ, चौकातला अडथळा, यासाठी हरकतीची वाट बघत बसणं म्हणजे उगी वेळ घालवणं. फक्त टायमिंग सांभाळा, बजेट फेब्रुवारी-मार्चला मंजूर होतं म्हणून दिवाळीनंतर लगेच मागणी द्या, मार्चमध्ये गेलात तर साहेब बसवतील, चहा पाजतील आणि पुढच्या वर्षी बघू म्हणतील. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून बजेटसाठी कामं सुचवून घेतात, फॉर्म भरून. तसलं काही नसेल तिथं तुम्हीच लेखी मागणी करून तो फॉर्म तयार करायचा.

कायद्यात वॉर्ड समितीवर स्वयंसेवी संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे आणि २००९ च्या दुरुस्तीत क्षेत्रसभा पण आल्या, म्हणजे शहरातली ग्रामसभाच म्हणा. कागदावर झकास. तुमच्या भागात क्षेत्रसभा झाल्याचं कधी ऐकलंय का? त्यामुळं निर्णय घेताना याच्यावर फार भिस्त ठेवू नका, पण मागणी मात्र करा.

आरटीआय हा मार्ग आहे असं लोक समजतात, तो मार्ग नाही, टॉर्च आहे. १० रुपये, ३० दिवस, उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, मग ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत पाहिजे, हे न बघता चार पानी अर्ज टाकणारे लै भेटतात आणि मग अर्ज परत आला की प्रशासनाला शिव्या देतात. "का केलं नाही" असं विचारू नका, का-ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. "अमुक रस्त्याच्या कामाचं अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि मंजूर क्रॉस-सेक्शनची (रस्त्याच्या आडव्या छेदाच्या नकाशाची) प्रत द्या" असं मागा. त्याच्यापेक्षाही भारी म्हणजे फाईल अवलोकनाला मागा, स्वतः जाऊन बसा, कारण नुसत्या झेरॉक्समध्ये जी टिपणी गाळलेली असते ती फाईलच्या हिरव्या कागदावर सापडते. आरटीआय हरकतीच्या आधी टाका, हरकतीऐवजी नाही.

लोकशाही दिनाबद्दल, म्हणजे अधिकाऱ्यांसमोर तक्रार मांडायच्या दिवसाबद्दल थोडक्यात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि मनपात, तालुक्याला तिसऱ्या सोमवारी. अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची पाहिजे. म्हणजे "शहरात फूटपाथ नाहीत" हा अर्ज तिथं चालत नाही, "माझ्या घरासमोरच्या फूटपाथवर विजेचा डीपी बॉक्स बसवलाय आणि माझ्या वडिलांची व्हीलचेअर जात नाही" हा चालतो. बरेच कार्यकर्ते इथं सार्वजनिक निवेदन घेऊन जातात आणि हात हलवत परत येतात.

कोर्ट शेवटी. हायकोर्टाचं खंडपीठ आपल्याच शहरात आहे त्यामुळं मोह होतो, पण जनहित याचिकेला कागद पूर्ण लागतात, कोर्ट डिपॉझिट भरायला लावू शकतं, तारखा वर्षानुवर्षं चालतात आणि तेवढ्या काळात तुम्हीच थकता. पाडकाम उद्या सकाळी होणार आहे आणि थांबवायचंय, अशा वेळी दुसरा इलाज नाही, तेव्हा जा. बाकी वेळी आधीचे अर्ज, पोच, आरटीआयची उत्तरं हातात नसतील तर चांगला वकील स्वतःच म्हणेल आधी ते करून या.

आता एक केस धरून बघू, म्हणजे फरक कळेल. पाणचक्कीजवळचा महेमूद दरवाजा घ्या. खाम नदीवरचा अरुंद पूल, पुढं दरवाजाची कमान, आणि त्या कमानीतून रिक्षा, टू-व्हीलर, कधी टेम्पो, त्यातच पायी चालणारे भिंतीला पाठ लावून उभे. बारापुल्ला आणि मक्का दरवाजाचंही तेच दुखणं. तुम्हाला वाटतं की कमानीतून फक्त पायी आणि सायकल जाऊ द्यावी, गाड्या बाजूच्या पुलावरून. छान. पण हे एका ऑफिसचं काम नाही हो. वाहतूक बंद करायची अधिसूचना पोलीस आयुक्तालयातून निघते. बाजूचा पूल आणि रस्ता मनपाचा, त्याची रुंदी आराखड्यात. आणि दगडाला हात लावायचा तर आधी विचारा की वास्तू कोणाच्या यादीत आहे, केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या, राज्याच्या १९६० च्या कायद्याखालच्या, की मनपाच्या हेरिटेज यादीत. बीबी का मकबऱ्यासारखं केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर भोवती १०० मीटर नवं बांधकाम बंद आणि पुढचे २०० मीटर परवानगीनं, हा नियम २०१० च्या दुरुस्तीनं आणखी कडक झाला. मनपाच्या यादीतली वास्तू असेल तर हेरिटेज समिती. म्हणून इथं माझा क्रम असा राहील, आधी आरटीआयनं मालकी आणि यादी काढायची, मग वाहतूक शाखेकडं ठराविक दिवसांसाठी प्रायोगिक बंदीची मागणी, सोबत तिथल्या दुकानदारांच्या आणि रहिवाशांच्या सह्या, कारण त्यांना विश्वासात घेतलं नाही तर पहिली हरकत त्यांचीच येणार आणि ती रास्तही असणार, त्यांचा माल कुठून यायचा? नगरसेवक तिसऱ्या नंबरला. मोर्चा नकोच.

उलट कॉलनीतल्या रस्त्यावर सायकल ट्रॅक पाहिजे असेल तर क्रम बदलतो. तिथं वारशाचा प्रश्न नाही, प्रश्न जागेचा आणि पार्किंगचा आहे. आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांचे निकष ठरवणारी संस्था) निकषात फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा पाहिजे, मोकळा म्हणजे खांब, झाड, डीपी बॉक्स सोडून. टेप घेऊन मोजा, फोटो काढा, तो कागद अंदाजपत्रक बनायच्या आधी कार्यकारी अभियंत्याकडं द्या. रस्ता झाल्यावर कोणी खोदत नाही, केबलवाल्यांशिवाय. रंगवलेल्या पट्ट्याच्या ट्रॅकवर मात्र वेळ घालवू नका, महिनाभरात त्यावर गाड्या लागतात, ट्रॅकला कर्ब म्हणजे उंच कडा किंवा बोलार्ड म्हणजे छोटे खांब पाहिजेतच. आणि आधी खात्री करा की रस्ता मनपाचाच आहे, मोठे रस्ते कधी पीडब्ल्यूडीचे तर कधी नॅशनल हायवेचे निघतात आणि तुमचा अर्ज सहा महिने चुकीच्या ऑफिसात पडून राहतो.

हेरिटेज वॉक, खामकाठची स्वच्छता, श्रमदान हे सगळं करणाऱ्यांना कमी लेखायचं नाही, खाम नदीचं काम उभं राहिलं त्यात लोकांचे हात होते. ज्याला कागदाचा कंटाळा आहे आणि रविवार मोकळा आहे त्यानं हेच करावं. पण त्यातून आराखड्याची रेष हलत नाही, रेष हलते ती अर्जानं.

गावात असाल तर तुमचं नशीब शहरवाल्यांपेक्षा चांगलं म्हणायचं. वर्षाला किमान चार ग्रामसभा कायद्यानंच घ्याव्या लागतात, २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा तर पाठच असतात, कोरम १५ टक्के किंवा १०० मतदार यापैकी जे कमी ते. बारवेचा गाळ, गढीची भिंत, शाळेकडं जाणारी पाणंद, सगळं तिथं उभं राहून मांडता येतं आणि ठराव नोंदवहीत लिहून घेता येतो. सही करण्याआधी तो ठराव वाचून बघा आणि प्रत मागा, सभा संपल्यावर वहीत काय लिहिलं जाईल याचा नेम नसतो. नगर परिषदेच्या गावात, म्हणजे औसा, परंडा, पैठण, उदगीर असल्या किल्ल्या-वेशींच्या गावांत मात्र पुन्हा एमआरटीपीच, तिथं डीपीची नोटीस आली की ३० दिवस मोजायला लागा, आणि मुख्याधिकाऱ्यांकडं नकाशा बघायला दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतरच जा, आधी गेलात तर कपाटाची चावी ज्याच्याकडं असते तो टेबलावर नसतो.