पबच्या माडीवरची खोली, हॉस्टेलचा बंक की बॉथी? ब्रिटनच्या डोंगरात रात्र कुठे काढायची

दरवर्षी एप्रिल लागला की मला हाच प्रश्न येतो. आई-बाबा मे महिन्यात येतायत, लंडन दाखवून झालं की कुठेतरी खेड्यात न्यायचंय, तर ते जुने पब असतात ज्यांच्या वर खोल्या असतात तिथे राहू की यूथ हॉस्टेल स्वस्त पडेल? आणि मग प्रत्येक जण रेटचे स्क्रीनशॉट पाठवतो. माझं म्हणणं, रेट नंतर बघा, आधी संध्याकाळी सातनंतर तुमचं काय होणार ते बघा, कारण खेड्यात तोपर्यंत दुकान बंद झालेलं असतं, शेवटची बस गेलेली असते आणि अख्ख्या गावात दिवा चालू असतो तो फक्त पबचा.

एकाच डोंगराचं उदाहरण घेऊ. वेल्समध्ये स्नोडन, म्हणजे आता अधिकृतपणे अर विद्वा, उंची १०८५ मीटर. त्याच्या पायथ्याशी पेन-ई-गुरिड नावाचं जुनं इन, म्हणजे राहायच्या खोल्या असलेला पब, आहे, १९५३ च्या एव्हरेस्ट टीमने आधी ह्याच भागात येऊन सराव केला होता, त्यांच्या सह्या, हिलरी आणि तेनझिंगसकट, बारच्या छतावर आहेत, मान वर करून वाचायच्या. जेवणाची वेळ झाली की घंटा वाजते, सगळे उठून आत जातात, लग्नाच्या पंगतीसारखं. आणि तिथून जेमतेम मैलभर वर, खिंडीत, पेन-ई-पासचं यूथ हॉस्टेल. तेही पूर्वी हॉटेलच होतं आणि एव्हरेस्टवर गेलेल्या जॉर्ज मॅलरीसारखी गिर्यारोहक मंडळी तिथे उतरायची, म्हणजे इतिहासात कुणी कमी नाही. फरक हा की हॉस्टेलच्या दारातून बाहेर पडलात की रस्त्यापलीकडे चढाई सुरू, आणि तिथलं पार्किंग आधी बुक करावं लागतं नाहीतर सकाळी सकाळी खाली गाडी लावून बसने वर या. इनमधून निघालात तर आधी तो मैलभर चढ आहेच.

आता आई-बाबांचं. पबची खोली दिसायला फार गोड असते, लाकडी तुळया, जाड दगडी भिंती, खिडकीतून मेंढ्या. पण जिना! आमच्या वाड्यातला माळ्याचा जिना बरा असा चिंचोळा असतो कधीकधी, जमीन एका बाजूला उतरती, बॅग हातात घेऊन गुडघेदुखीवाल्या माणसाने चढायचं म्हणजे शिक्षा आहे, लिफ्टचा तर प्रश्नच नाही. आणि खोली बारच्या बरोबर वर असेल तर अकरापर्यंत खालचं हसणं ऐकत पडायचं, शनिवारी गाणंबजावणं असेल तर बघायलाच नको. बुक करताना फोन करून मागच्या बाजूची, खालची खोली आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी अंगणातल्या जुन्या तबेल्याच्या खोल्या केलेल्या असतात, त्या सगळ्यात बेस्ट.

जेवणाचा मात्र एक नियम पाठ करा. पब रात्री अकरापर्यंत उघडा असला तरी किचन साडेआठ-नऊला बंद होतं. आम्ही एकदा यॉर्कशरमध्ये आठ चाळीसला पोचलो, दमलेले, भिजलेले, आणि बारमागच्या बाईंनी अगदी प्रेमाने सांगितलं की शेफ गेला. किचनमधून तळणीचा वास अजून येत होता हो! चीज अँड अनियन क्रिस्पची तीन पाकिटं आणि शेंगदाणे, हे आमचं डिनर. तेव्हापासून मी आधी जेवणाचं टेबल सांगून ठेवतो, खोली बुक आहे म्हणजे टेबल आहे असं धरून चालू नका.

टेबलावर बसून राहिलात तर कुणी विचारायला येत नाही हेही माहीत हवं. माझे काका वीस मिनिटं मेन्यू धरून बसले आणि मग ह्या लोकांना माज आहे असं त्यांचं मत झालं. माज वगैरे काही नाही, आपण बारपाशी जायचं, टेबल नंबर सांगायचा, तिथेच पैसे द्यायचे. रांग दिसत नाही पण कुणाचा नंबर आहे ते बारवाल्याला बरोबर ठाऊक असतं, नोट हलवायची नाही. आणि हँडपंपाने ओढलेली एल, म्हणजे इथली पारंपरिक बिअर, बर्फगार नसते, ११ ते १३ डिग्रीला देतात, ती खराब झालेली नाही, तशीच असते. पिंट म्हणजे ५६८ मिली, पहिल्यांदा हाफच घ्या. कट्टर शाकाहारी असाल तर अजून एक, पारंपरिक एल नितळ करायला माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ वापरतात, त्यामुळे विगन लिहिलेली आहे का विचारून घ्या. आईला मी हे तीन वर्षं सांगितलंच नाही, ती तसंही सायडरचे, म्हणजे सफरचंदाच्या दारूचे, दोन घोट घेते.

हॉस्टेल म्हटलं की बाबांच्या डोळ्यासमोर इंजिनिअरिंग कॉलेजचं मेस आणि ढेकूण येतात. तसं नसतं. इथली यूथ हॉस्टेल असोसिएशन १९३० ची, बऱ्याच हॉस्टेलांत कुटुंबासाठी वेगळी खोली मिळते, चादरी देतात, टॉवेल आपला न्यायचा. बंकवर वरच्या मजल्यावर कोण झोपणार ह्यावरून भांडण होतं तेवढंच. आम्हाला चौघांची खोली पबच्या एका डबल रूमच्या जवळजवळ निम्म्या पैशात पडली, अर्थात पबच्या रेटमध्ये नाश्ता होता, हॉस्टेलला नव्हता. पण खरी गोष्ट किचनची. मोठं, सगळ्यांचं मिळून, भांडी तिथलीच. आम्ही छोटा कुकर नेला होता, पहिली शिट्टी झाली तसं शेजारी पास्ता ढवळणारे एक आजोबा दोन पावलं मागे सरकले, मग दुसऱ्या शिट्टीला हसले, आणि शेवटी वरणभाताची वाटी घेऊन आमच्याच टेबलावर. ओले बूट-जॅकेट वाळवायची खोलीही असते, पावसात दोन दिवस चालणाऱ्याला ती एव्हरेस्टच्या सह्यांपेक्षा जास्त कामाची. एक लक्षात ठेवा, २०२३ मध्ये असोसिएशनने वीस हॉस्टेलं विक्रीला काढली, म्हणून कुणाच्या पाच वर्षांपूर्वीच्या सल्ल्यावर जाऊ नका, चालू आहे का आणि एकेकट्यांना घेतात की पूर्ण इमारत भाड्याने देतात ते बघा.

बॉथीचं थोडक्यात, कारण आई-बाबांना तिथे नेणार असाल तर मला फोन करू नका. डोंगरातली मेंढपाळांची वगैरे जुनी दगडी घरं, माउंटन बॉथीज असोसिएशन १९६५ पासून सांभाळते, शंभरेक आहेत, बहुतेक स्कॉटलंडमध्ये. फुकट, बुकिंग नाही, वीज-पाणी नाही, संडास म्हणजे फावडं घेऊन लांब जायचं. राजगडावर पद्मावतीच्या देवळात पथारी टाकून झोपलेल्या माणसाला हे लगेच कळेल, फक्त इथे पिठलं-भाकरी विचारणारं कुणी येत नाही आणि थंडी हाडात शिरते. सहा किंवा जास्त जणांच्या ग्रुपने जाऊ नये असा संकेत आहे, म्हणजे आपली बारा जणांची गँग आधीच बाद.

मी स्वतः काय करतो? मित्रांबरोबर चढायला जायचं असेल तर हॉस्टेल, आणि संध्याकाळी जवळच्या पबमध्ये पायी, तेव्हा खोलीचे पैसेही वाचतात आणि शेकोटीही मिळते. आई-बाबा असतील तर पहिली रात्र पबमध्ये, शनिवारी नाही, मंगळवार-बुधवार, कारण वीकएंडला खूप जण दोन रात्रींशिवाय खोली देत नाहीत. लहान मुलं असतील तर सरळ हॉस्टेल. हिवाळ्यात उंचावरच्या पबची हौस असेल तर टॅन हिल इनची गोष्ट ऐकून जा, ५२८ मीटरवर, ब्रिटनमधला सगळ्यात उंच पब, नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात साठेक माणसं तीन रात्री तिथेच अडकली, सोबत ओएसिस ह्या प्रसिद्ध रॉक बँडची गाणी गाणारा बँडही. माझ्या बायकोला हे ऐकून लगेच जायचंय, बाबा म्हणाले औषधं संपली तर.

आणि हो, आठवड्याच्या मधल्या दिवशी जाताय तर फोनवर अजून एक विचाराच, सोमवारी-मंगळवारी किचन चालू असतं का. खेड्यातले बरेच पब त्या दिवशी नुसतीच बिअर देतात. माझ्या गाडीच्या डिकीत त्यासाठी मेतकूट आणि चार पाकिटं मॅगी कायम असतात.